लंबकाचं घड्याळ उघडण्याआधी

जुनं लंबकाचं घड्याळ घरी दुरुस्त करायला घेताना त्यातला कोणता भाग कशासाठी आला, हे माहीत असलेलं बरं. घड्याळातली प्रत्येक जुळवणी कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीवरचं उत्तर आहे. ती अडचण कळली की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे बरंचसं उमगतं.

झोका लहान असेल तर लंबकाला एका हेलकाव्यासाठी लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो, ही गोष्ट गॅलिलिओने हेरली होती. १६४१ मध्ये, दृष्टी गेलेली असताना, त्याने मुलगा विन्सेन्झो याच्या मदतीने लंबकाच्या घड्याळाचा आराखडाही केला. पुढच्याच वर्षी तो वारला. प्रत्यक्षात चालणारं घड्याळ आलं ते नेदरलँड्समध्ये. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ च्या अखेरीस रचना सिद्ध केली आणि हेगचा घड्याळजी सालोमन कोस्टर याने ती घडवली. त्याआधीची घड्याळं दिवसाकाठी पाव तास सहज चुकत. लंबकाने ही चूक काही सेकंदांवर आणली. फरक एवढा मोठा होता की जुन्या घड्याळांनाही लोकांनी धडाधड लंबक बसवून घेतले. म्हणजे जुनं घड्याळ उघडून त्यात बदल करण्याचा उद्योग लंबकाइतकाच जुना आहे.

या पहिल्या घड्याळांचा झोका मात्र फार रुंद असे आणि रुंद झोक्यात वेळ सारखा राहत नाही. १६७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराचा अँकर, म्हणजे लंबकाच्या झोक्यागणिक दातेरी चाकाचा एकेक दात सोडणारा भाग आला. त्याचं श्रेय रॉबर्ट हूकचं की विल्यम क्लेमेंटचं, हा वाद अजून मिटलेला नाही. अँकरमुळे झोका काही अंशांवर आला, लांब लंबक अरुंद पेटीत मावू लागला आणि एका सेकंदात एका बाजूला जाणारा, साधारण ९९.४ सेंटिमीटरचा लंबक रूढ झाला. जमिनीवर उभी राहणारी उंच घड्याळं त्यातूनच आली. वेळ इतका नेमका कळू लागल्यावर मिनिटकाटाही सर्रास दिसू लागला.

अशा घड्याळाचा सेकंदकाटा जवळून पाहा. प्रत्येक टिकेला तो पुढे सरकतो आणि लगेच केसभर मागे येतो. अनेकांना हा बिघाड वाटतो, पण तो नाही. अँकर दातेरी चाकाला क्षणभर उलटं ढकलतो, त्याची ही खूण. १७१५ च्या सुमारास जॉर्ज ग्रॅहॅमने हा मागचा धक्का घालवणारी रचना पक्की केली. त्यात काटा पुढे जातो आणि ठाम थांबतो. तुमचं घड्याळ यांपैकी कोणतं आहे, हे काट्यावरूनच ओळखा आणि मागे येणाऱ्या काट्याच्या ‘दुरुस्ती’साठी अँकरच्या टोकांवर कानस कधीही चालवू नका.

दोन्ही प्रकारांत टिक आणि टॉक यांमधलं अंतर सारखं असावं लागतं. लंगडी टिकटिक करणारं घड्याळ थोड्या वेळाने थांबतं आणि दोष बिचाऱ्या स्प्रिंगवर जातो. आधी घड्याळाची एक बाजू किंचित उचलून ऐका. डावी बाजू उचलल्यावर टिकटिक सारखी होत असेल, तर अँकरपासून खाली येऊन लंबकाला ढकलणारी बारीक दांडी अगदी थोडी डावीकडे वाकवा. उजवी असेल तर उजवीकडे. वाकवताना दुसऱ्या हाताने अँकरचा आस धरून ठेवायचा, नाहीतर सगळा जोर अँकरच्या टोकांवर आणि चाकाच्या दातांवर येतो. माझ्या मते घरच्या दुरुस्तीतलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. बंद पडलेली कितीतरी घड्याळं एवढ्यानेच चालू होतात.

लांबीचा धडा शिकवला एका प्रवासाने. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसला बरोबर लावलेलं त्याचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी, म्हणून लंबक आखूड करावा लागला. घड्याळ दूरच्या गावी नेलं की नव्याने लावावं लागतं, त्यामागे हेही एक कारण असतं. हिशेब सोपा आहे: मीटरभर लंबक १ मिलिमीटरने आखूड केला की घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद पुढे जातं. पाव मीटरच्या लंबकाला तोच मिलिमीटर जवळजवळ ३ मिनिटांचा पडतो. म्हणून लहान घड्याळात लंबकाची लांबी बदलणारा त्याच्या खालचा नट अगदी जपून फिरवायचा आणि पूर्ण दिवस वाट पाहायची.

उन्हाळ्यात दांडी लांबते. पोलादी दांडीला १० अंशांचा फरक दिवसाला सुमारे ५ सेकंदांचा पडतो. त्यावर ग्रॅहॅमने पाऱ्याचा लंबक केला, जॉन हॅरिसनने पितळ आणि पोलादाच्या दांड्यांची जाळी केली आणि १८९६ मध्ये शार्ल गियोमने अत्यल्प प्रसरणाचा इन्व्हार हा मिश्रधातू शोधला. घरगुती घड्याळांतली अशी जाळी मात्र बहुधा नुसती शोभेची असते. तिच्या दुरुस्तीत वेळ घालवू नये. लंबकात खरा पारा असेल तर तो घरी उघडूच नये.

आज घरोघरी सापडणारी बहुतेक घड्याळं १९ व्या शतकातल्या आणि त्यानंतरच्या कारखान्यांमधली. अमेरिकेत कनेटिकटच्या एली टेरीने लाकडी चाकांची घड्याळं हजारोंनी बनवली. पुढे चॉन्सी जेरोमने पत्र्यातून कापलेली पितळी चाकं आणली आणि घड्याळ आणखी स्वस्त झालं. जर्मन कारखान्यांनीही तोच रस्ता धरला. या घड्याळांत स्प्रिंग दणकट असते. तिचा ताण पूर्ण उतरवल्याशिवाय, चाकांचे आस ज्यांच्या भोकांत फिरतात त्या पुढच्या-मागच्या धातूच्या पट्ट्या सोडल्या तर दात तुटतात आणि बोटंही फाटतात.

त्यांचा खरा शत्रू धूळ आहे. मऊ पितळात रुतलेले कण कठीण पोलाद झिजवतात, म्हणून जुन्या काळ्या तेलावर नवं तेल ओतणं हा सर्वांत वाईट उपाय. सगळं सुटं करून धुवायचं आणि तेल फक्त आसांच्या टोकांना व अँकरच्या टोकांना थेंबभर लावायचं. चाकांच्या दातांना नाही. पट्टीतल्या, झिजून लंबगोल झालेल्या आसांच्या भोकांभोवती ठोकून ती आवळण्याची जुनी पद्धत होती आणि तिचे ठसे पट्टीवर दिसतात. ते घासून काढायला जाऊ नये, पट्टी पातळ होते. त्याऐवजी भोक मोठं करून त्यात पितळी बुश, म्हणजे आतून नव्या भोकाची छोटी नळी, बसवून घ्यावा. पूर्वीच्या कारागिरांनी पट्टीवर कोरलेल्या तारखा आणि आद्याक्षरंही पॉलिशखाली घालवू नयेत. घड्याळ कधी उघडलं होतं याची बहुतेक वेळा तेवढीच नोंद उरलेली असते.