परीक्षेच्या आठवड्यात वही मिटून बसा

परीक्षा आठवड्यावर आली की दादरच्या क्लासवाल्या गल्ल्यांत एकच वाक्य कानावर पडतं, ‘आता फक्त एकदा रिव्हिजन मारायचीय.’ रिव्हिजन म्हणजे बहुतेकांच्या लेखी हायलायटरने पिवळ्या केलेल्या नोट्स पुन्हा डोळ्यांखालून घालणं. पान उघडलं की सगळं ओळखीचं दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. गोची इथेच आहे. समोर दिसलेलं ओळखणं वेगळं आणि काहीही समोर नसताना आठवणं वेगळं. ‘पण नीटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, पर्याय दिलेलेच असतात की!’ असतात, पण पेपर काढणारे काही दुधखुळे नाहीत. चारही पर्याय ओळखीचेच ठेवतात.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगलं आठवेल याची जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती!

म्हणून वही मिटा, कोरा कागद घ्या आणि समजा, क्रेब्ज सायकल, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढतात ती रासायनिक साखळी, लिहायला बसा. सायट्रिक ॲसिड, अल्फा-कीटोग्लुटॅरिक ॲसिड झरझर येतं. पुढे सक्सिनिल कोएंझाइम ए. मग पेन अडतं: जीटीपी हा ऊर्जा साठवणारा रेणू नेमका कुठे तयार होतो? अर्धा मिनिट डोकं खाजवा, त्यानंतरच पान उघडा. सक्सिनिक ॲसिड तयार होताना. हे अडणं चिडचिड करायला लावतं, पण त्या झटापटीनंतर सापडलेलं उत्तर जास्त टिकतं. सूत्रांच्या कागदावरून परीक्षेच्या सकाळी नजर फिरवायला मात्र माझी हरकत नाही. थोड्या वेळापुरतं वाचनही कामाला येतं, हे त्याच प्रयोगात दिसलं.

आता रात्रीच्या जागरणाबद्दल. दिवसभरात शिकलेलं आधी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकतं आणि गाढ झोपेत मेंदू त्याची उजळणी करून ते हळूहळू आपल्या बाहेरच्या थरात, बाह्यपटलात, पक्कं करतो. जेंकिन्स आणि डॅलनबॅक या मानसशास्त्रज्ञांच्या १९२४च्या प्रयोगात फक्त दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले होते. आठ तास झोप झाली तर दहापैकी पाच-सहा आठवायचे, तेवढाच वेळ जागेपणी गेला तर जेमतेम एक. दोघांवरून काय सिद्ध होतं, असं कुणी म्हणेल. पण झोपेचा हा फायदा पुढेही अनेक प्रयोगांत दिसला. चाळीतल्या एका खोलीत टीव्ही, पाहुणे आणि अभ्यास एकत्र नांदतात तिथे रात्रीची शांतता हवीशी वाटणारच. अशा वेळी टीव्ही घरच्यांनी बंद करावा, पोराने झोप नव्हे. आणि संध्याकाळी सहाचं कटिंग? रक्तातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकराला पाठ टेकताना निम्मं अंगात आहेच.

नीट गेली काही वर्षं दुपारी दोनला सुरू होते. जेवण हलकं असो वा भारी, त्या सुमाराला शरीराचं घड्याळच पेंगुळतं. त्यामुळे या आठवड्यातली सराव परीक्षा दोन ते पाचच द्या. सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची, सकाळची शिफ्ट आली असेल तर नऊला बसा.

उरला ताण. स्वित्झर्लंडमधल्या २०००च्या एका प्रयोगात आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याच्या तासभर आधी लोकांना कॉर्टिझोनची गोळी दिली, तर आठवणारे शब्द घटले. ताणात शरीर असंच संप्रेरक स्वतः सोडतं. आणि नीट बहुधा रविवारी असते, म्हणजे लोकलच्या मेगाब्लॉकच्या दिवशी. गेट दीडला बंद होतं. मे महिन्याच्या घामट उकाड्यात कुर्ल्याला अडकून पडलात, तर पाठ केलेलं ऐनवेळी दगा देऊ शकतं. तेव्हा शनिवारी ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघा, आणि ते काम बाबांवर सोपवा.