चौकातला वारा आणि चौकातला उष्मा

केरळातील नालुकेट्टूच्या, म्हणजे चार सोप्यांच्या पारंपरिक घराच्या, किंवा गोव्यातील जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे आतल्या उघड्या चौकात, उभे राहिले की भर दुपारीही अंगाला वारा लागतो. त्याचे कारण विचारल्यास बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते: गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. हे विधान खोटे नाही, परंतु त्या दुपारच्या वाऱ्याचे ते कारण नाही. चौकाच्या घरात हवा हलवणाऱ्या प्रेरणा दोन आहेत, एक उष्म्याची आणि दुसरी वाऱ्याची. उष्ण आणि दमट किनाऱ्यावर दिवसाचा बहुतेक भार दुसरीवर असतो.

उष्म्याच्या वायुवीजनाला वाऱ्याची गरज नसते. तापलेली हवा हलकी होऊन उंचावरच्या वाटेने बाहेर पडते आणि खालच्या दारांतून तिची भरपाई होते. धुरांडे याच तत्त्वावर ओढते. ही ओढ किती जोराची असेल, हे दोन वाटांमधील उंची आणि आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरक यांवर ठरते. उंची ३ मीटर आणि फरक २ अंश असेल, तर मिळणारा दाब जेमतेम पाव पास्कल भरतो.

वाऱ्याचे वायुवीजन दाबाच्या वेगळ्या फरकावर चालते. वारा ज्या भिंतीवर येतो तिथे दाब वाढतो, आणि तोच वारा उतरत्या कौलारू छपरावरून पुढे सरकताना चौकावर व घराच्या पाठीमागे दाब घटतो. त्यामुळे बाहेरच्या खिडक्यांतून शिरलेली हवा खोल्या आणि पडवी ओलांडून चौकाकडे खेचली जाते. सेकंदाला २ मीटर वेगाच्या साध्या झुळकीचा दाब सुमारे २.४ पास्कल असतो, म्हणजे वरच्या उदाहरणातील ओढीच्या दहापट. घराच्या रचनेनुसार त्याचा काही अंशच उपयोगी पडतो हे खरे, तरीही पारडे वाऱ्याकडेच झुकते.

या दोन्हींची गल्लत होण्यामागे पुण्याच्या वाड्याचा चौक आहे, असे मला वाटते. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३८ अंशांच्या आसपास असलेला पारा रात्री २० अंशांजवळ उतरतो. कोरड्या, निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकून छपरे आणि फरशी गार होतात, जड झालेली गार हवा चौकात उतरून साठते आणि जाड भिंती तो गारवा सकाळी बऱ्याच उशिरापर्यंत टिकवून धरतात. बाहेरच्या भिंतीला खिडक्या कमी असल्या तरी तिथे चालते, कारण तिथला चौक रात्रीचा गारवा साठवणारे भांडे आहे.

कोचीत असे भांडे भरतच नाही. तिथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सात-आठ अंशांचेच अंतर असते, आणि हवेतील बाष्प रात्रीची उष्णता सहजासहजी आकाशाकडे जाऊ देत नाही. शिवाय दमट हवेत घाम वाळत नाही, हा माणसाचा खरा त्रास असतो. तिथे हवा एखाद्या अंशाने थंड होण्यापेक्षा ती अंगावरून वाहणे अधिक मोलाचे. सेकंदाला १ मीटर वेगानेही दोन-तीन अंशांनी गार वाटते. म्हणूनच नालुकेट्टूत चौकाभोवतीच्या वडक्किनी, तेक्किनी, किळक्किनी आणि पडिञ्ञाट्टिनी या चारही सोप्यांच्या पडव्या चौकाकडे उघड्या असतात, आणि वाऱ्याला बाहेरून आत यायला वाट ठेवलेली असते. पाण्याच्या फवाऱ्याने गारवा आणण्याची कोरड्या प्रदेशातील युक्ती इथे उलट त्रास वाढवते.

याचा अर्थ किनाऱ्यावर उष्म्याची ओढ निरुपयोगी आहे, असा नव्हे. दिवसाचे खारे वारे थांबून रात्रीचे मतलई वारे सुरू होईपर्यंत मध्ये पडणारी शांतता किनाऱ्यावर राहणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे वेग सेकंदाला अर्ध्या मीटरवर आला की तो पाव पास्कलच्याही खाली जातो आणि उष्म्याची क्षीण ओढ त्याच्या बरोबरीला येते. तापलेल्या कौलांखालची हवा त्रिकोणी भिंतीतल्या लाकडी जाळीतून बाहेर काढण्याचे कामही बऱ्याच अंशी हीच ओढ करते. माळ्यावरची ती जाळी लहान दिसते, पण तिच्यामुळे छपराची धग खालच्या खोल्यांत कमी उतरते.

हा भेद न ओळखल्याने चुका होतात त्या दुरुस्तीच्या वेळी. ‘गरम हवा वरूनच जाते’ एवढ्याच समजुतीवर चौकावर काचेचे छप्पर चढवून कडेला थोड्या फटी ठेवल्या जातात आणि बाहेरच्या खिडक्या कपाटांनी बुजवल्या जातात. मग उन्हाने तापलेल्या काचेखाली उष्म्याची ओढ वाढते खरी, पण वाऱ्याची वाट बंद होते आणि काचेची धग डोक्यावर राहते. असे काम काढण्यापूर्वी एक उदबत्ती लावून निरनिराळ्या वेळी दारा-खिडक्यांजवळ धरून पाहावी. एका बाजूच्या खिडकीतून धूर आत येऊन चौकाकडे आडवा वाहत असेल, तर ते घर वाऱ्यावर चालते आहे. सगळ्याच बाजूंच्या खालच्या दारांतून तो संथपणे आत आणि वरच्या झरोक्यांतून बाहेर जात असेल, तर त्या घटकेला काम उष्म्याचे आहे. दुपारी चार वाजता आणि रात्री दहा वाजता एकाच घरात ही उत्तरे वेगळी येऊ शकतात.