पोल्काचा ठेका आणि रेगेचा ठेका

एडवर्ड द सेकंड अँड द रेड हॉट पोल्काज या इंग्लिश बँडचा १९८७ चा 'लेट्स पोल्कास्टेडी' हा अल्बम ऐकताना पोल्का (युरोपातला एक नाच) कुठे संपला आणि रेगे (जमैकाचं संगीत) कुठे सुरू झाला, हे चटकन कळत नाही. म्हणून बरेच जण म्हणतात की दोन्ही ठेके एकच. मला ते पटत नाही, आणि या बँडची खरी करामत त्या फरकातच आहे असं माझं मत आहे.

चार मात्रा मोजून बघा. पोल्कात १ आणि ३ वर खर्ज वाजतो, २ आणि ४ वर कॉर्ड: उम्-पा, उम्-पा. रेगेतही गिटारचा तुटक फटका २ आणि ४ वरच येतो. सारखेपणा आहे तो इथे, आणि कान फसतो तोही इथेच.

आता पहिली मात्रा ऐका. पोल्कात ती ठासून वाजते, कारण नाचणाऱ्याचं पाऊल तिथे पडायचं असतं. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात ड्रमर तीच जागा मोकळी सोडतो आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणका तिसऱ्या मात्रेवर देतो. तबल्यावर समच वाजवली नाही तर कसं वाटेल, तसं. बॉब मार्लींच्या वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट हे असं काही वाजवायचा की ती रिकामी जागासुद्धा अंगाला जाणवते.

मग दोन्ही एकत्र बसतात कसे? माझ्या मते लयीमुळे. एडवर्ड द सेकंडमधले मेलोडियन (बटणांचं छोटं अकॉर्डियन) वादक रॉड स्ट्रॅडलिंग त्याआधी ओल्ड स्वान बँडमध्ये होते. १९७० च्या दशकात इंग्लंडमधले लोकनृत्याचे बँड आयरिश आणि स्कॉटिश धाटणीच्या द्रुत चाली वाजवत असताना ओल्ड स्वानच्या मंडळींनी जुन्या इंग्लिश खेडवळ वादकांची संथ, जड पावलांची लय उचलून धरली. त्यांच्या १९७७ च्या रेकॉर्डचं नावच 'नो रील्स', म्हणजे तसल्या द्रुत चाली नकोतच. पोल्का इतका सावकाश झाला की दोन मात्रांच्या मध्ये जागा तयार होते, आणि रेगेच्या बेस गिटारला तीच हवी असते. मेलोडियनचं बटण तेच असलं तरी भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा, त्यामुळे चालीला आपोआप हिसका मिळतो. १९८९ च्या 'टू स्टेप टू हेवन'मध्ये लंडनचे डब (रेगेचं ध्वनिमुद्रण काटछाट करून, घुमवून नव्याने मांडण्याचा प्रकार) निर्माते मॅड प्रोफेसर सोबत आले, तेव्हा या जागा अधिकच खुलल्या.

हा मिलाफ ओढूनताणून केलेला म्हणणाऱ्यांनी जमैकाचं जुनं लोकसंगीत, मेंटो, जरूर ऐकावं. रेगेच्या कितीतरी आधी मेंटोचे बँड बँजो आणि गिटारवर गावोगावच्या नाचांना साथ करायचे, आणि त्या नाचांमध्ये युरोपातून तिथे पोचलेला क्वाड्रिलही होता.