‘बुलिट’मधील मोटार-पाठलाग आणि जॅझ संगीत

‘बुलिट’ या १९६८ सालच्या अमेरिकन गुन्हेगारीपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर चित्रित झालेला, सुमारे अकरा मिनिटांचा मोटारींचा पाठलाग आणि त्याला जोडून आलेले लालो शिफ्रिन यांचे जॅझ संगीत. पडद्यावरच्या मोटार-पाठलागांची चर्चा आजही या दृश्यापाशी आल्याशिवाय पुढे सरकत नाही. गाड्या, वेग आणि चालकांचे धाडस यांवर भरपूर लिहिले गेले आहे. संगीताकडे त्यामानाने कमी लक्ष गेले. पाठलाग ऐन रंगात येतो त्याच क्षणी इथे वाद्यवृंद थांबतो आणि दृश्य संपेपर्यंत परत येत नाही. हा थांबा आणि त्याआधीची मिनिटे एकत्र ऐकली, तरच हे दृश्य पुरते कळते.

चित्रपटाची निर्मिती अभिनेता स्टीव्ह मक्वीन यांच्या सोलर प्रॉडक्शन्सची. निर्माते फिलिप डॅन्टोनी. रॉबर्ट फिश यांनी रॉबर्ट पाइक या टोपणनावाने १९६३ साली लिहिलेली एक पोलिसी कादंबरी कथेला आधार होती. दिग्दर्शनासाठी पीटर येट्स या इंग्रज दिग्दर्शकाला बोलावले गेले, त्यालाही पाठलागच कारण ठरला. येट्स यांच्या १९६७च्या ‘रॉबरी’ या चित्रपटात लंडनच्या रस्त्यांवरचा एक पाठलाग होता आणि तो पाहूनच मक्वीन यांनी त्यांची निवड केली. चित्रपटांत स्थिरावण्यापूर्वी येट्स काही काळ मोटार शर्यतींच्या व्यवसायात होते. स्टर्लिंग मॉस यांच्यासारख्या चालकाचे काम त्यांनी सांभाळले होते, त्यामुळे गाडी वेगात असताना चालकाला काय दिसते आणि काय ऐकू येते हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

कथा थोडक्यात अशी. चाल्मर्स या महत्त्वाकांक्षी राजकारण्याने एका साक्षीदाराचे संरक्षण पोलीस लेफ्टनंट फ्रँक बुलिटवर (स्टीव्ह मक्वीन) सोपवलेले असते. साक्षीदारावर गोळ्या झाडल्या जातात, तो इस्पितळात दगावतो आणि बुलिट त्याचा मृत्यू लपवून ठेवतो. आपले काम पुरे झाले की नाही याचा थांगपत्ता न लागलेले मारेकरी मग बुलिटच्याच मागावर निघतात.

गुन्हेगारीपट आणि जॅझ यांची जोडी त्या वेळी नवी नव्हती. १९५५च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी एल्मर बर्नस्टाइन यांनी जॅझचा बाज वापरला. १९५७च्या डिसेंबरात माइल्स डेव्हिस यांनी पॅरिसमध्ये एका रात्रीत, पडद्यावरची दृश्ये पाहत, फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या चित्रपटासाठी ट्रम्पेट वाजवला. १९५८ साली हेन्री मॅन्सिनी यांच्या ‘पीटर गन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या संगीताने गुप्तहेर म्हटला की ब्रास (पितळी फुंकवाद्ये) आणि बास (खालच्या सुरांचे वाद्य) हे समीकरणच करून टाकले, आणि पुढच्या वर्षी ड्यूक एलिंग्टन यांनी ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ला संगीत दिले. शहर, रात्र, गुन्हा आणि एकटा माणूस यांच्यासाठी जॅझ ही एव्हाना ठरून गेलेली भाषा होती. म्हणूनच १९६८ साली तिच्यात नवे काही बोलणे सोपे राहिले नव्हते.

शिफ्रिन यांच्याकडे त्यासाठी दुहेरी तयारी होती. ब्यूनोस आयर्स येथे १९३२ साली जन्मलेल्या शिफ्रिन यांचे वडील तिथल्या तेआत्रो कोलोन या संगीतगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. पुढे पॅरिसच्या संगीत विद्यालयात फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसिआँ यांच्याकडे शिफ्रिन दिवसा शिकले आणि रात्री क्लबांमध्ये जॅझ पियानो वाजवत राहिले. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी १९५६ साली अर्जेंटिनात आले असताना त्यांनी या तरुणाचे वादन ऐकले. १९६०पासून शिफ्रिन त्यांच्या पाच वादकांच्या संचाचे पियानोवादक होते आणि त्यांच्यासाठी ‘गिलेस्पियाना’ ही मोठी रचनाही त्यांनी केली. १९६६ साली ‘मिशन : इम्पॉसिबल’ या मालिकेच्या पाच मात्रांच्या शीर्षकधूनीने त्यांचे नाव घराघरांत पोचले. एकीकडे कागदावर काटेकोर लिहिणारा रचनाकार आणि दुसरीकडे वादकाला मोकळे सोडणारा जॅझवाला, असे दोघे या एका माणसात नांदत होते. २०१८ साली त्यांना मानद ऑस्कर मिळाले. जून २०२५मध्ये त्यांचे निधन झाले.

‘बुलिट’ जवळजवळ दोन तासांचा असला तरी त्यात संगीत मोजकेच आहे. पाब्लो फेरो यांनी रचलेल्या सरकत्या अक्षरांच्या श्रेयनामावलीवर शीर्षकधून येते : खाली बासची तीच ती चाल, वर गिटार आणि ब्रास, आणि सगळ्यात एक आवरून धरलेली घाई. पुढे बराच वेळ संगीत येतच नाही; पावले, दारे, टेलिफोन, इस्पितळातली यंत्रे यांचेच आवाज ऐकू येतात. एका प्रसंगात बुलिट आणि त्याची मैत्रीण कॅथी (जॅकलिन बिसे) कॉफी कँटाटा या उपाहारगृहात जेवायला जातात, तेव्हा तिथे बासरीसह जॅझ वाजवणारे वादक प्रत्यक्ष दिसतात. जॅझ म्हणजे या माणसाचा मोकळा वेळ, त्याचा स्वतःचा श्वास, हे तिथे कुणीही न सांगता प्रेक्षकाच्या मनात बसते. पुढच्या पाठलागासाठी हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नेमकी तीच गोष्ट तिथे त्याच्याकडून काढून घेतली जाते.

इस्पितळात मारेकऱ्यामागे तळघरापर्यंत धावण्याच्या प्रसंगाला मात्र शिफ्रिन यांनी संगीत दिले आहे. म्हणजे पाठलागात संगीत नको असा काही सरसकट नियम त्यांनी केला नव्हता. पायी पाठलागात ऐकण्यासारखे फार थोडे असते, म्हणून तिथे वाद्ये लागली. मोटारींच्या बाबतीत परिस्थिती उलटी होती.

मोटार-पाठलागाच्या आधीच्या तुकड्याला शिफ्रिन यांनी ‘शिफ्टिंग गिअर्स’ असे नाव दिले. बुलिट आपल्या गर्द हिरव्या फोर्ड मस्टँगकडे येतो आणि थोड्या अंतरावर काळी डॉज चार्जर उभी असलेली दिसते. बास आणि तालवाद्ये दबकत सुरू होतात. गाड्या अजून सावकाशच चालल्या आहेत; वळणे घेतली जातात, ट्रॅफिकमध्ये अडकायला होते. ब्रासचे सूर मधूनच वर येतात आणि पुन्हा खाली बसतात. मग मस्टँग नजरेआड होते. चार्जरमधले दोघे इकडेतिकडे शोधतात, आणि चालकाच्या आरशात चढावरून हळूच वर येणारी मस्टँग दिसते. आता मागावर कोण आहे हे बदलले. संगीत इथे गाजावाजा करत नाही, फक्त आणखी घट्ट होते.

त्यानंतरचे एक लहानसे दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे. चार्जरचा चालक, चष्मा आणि काळे हातमोजे घातलेला बिल हिकमन, न बोलता सुरक्षापट्टा ओढतो आणि खटकन लावतो. शेजारचा पांढऱ्या केसांचा बंदूकवाला काही विचारत नाही. क्षणभराने चार्जर अचानक डावीकडे वळते, टायर किंचाळतात, धूर उठतो आणि वाद्यवृंद जागच्या जागी तुटतो. तिहाई घेऊन तबलजीने समेवर यावे आणि सम मात्र दुसऱ्याच कुणी वाजवावी, तसे हे घडते : सम पडते ती टायरवर. इतका वेळ वाढत गेलेल्या संगीताला त्याची पूर्तता स्वतःच्या वाद्यांतून मिळत नाही, इंजिनांतून मिळते.

हा निर्णय शिफ्रिन यांचाच होता, असे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. पाठलागालाही संगीत असावे अशी अपेक्षा असताना त्यांनी गाड्यांचे आवाज पुरेसे आहेत, त्यांवर वाद्ये घालू नयेत, असा आग्रह धरला. आपले काम कुठे संपते हे संगीतकाराने ओळखणे दुर्मीळ आहे, आणि आपली रचना ऐन शिखरावर सोडून देणे त्याहून दुर्मीळ. यात त्यांच्यातला जॅझवादक दिसतो. मैफलीत दुसऱ्या वादकाची पाळी आली की आपण थांबायचे, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती.

आणि त्या दोन इंजिनांजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. मस्टँगचे इंजिन ३९० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, चार्जरचे ४४० घनइंचांचे, सुमारे ७.२ लिटरचे. दोन्हींत आठ सिलिंडर, पण आवाज वेगळा. डोळे मिटून ऐकले तरी आता कोणती गाडी पडद्यावर आहे हे सवयीने ओळखता येते. गिअर बदलताना इंजिनाचा सूर खाली येतो, पुन्हा चढतो. चढाच्या माथ्यावरून गाडी हवेत गेली की चाकांचा आवाज लोपतो आणि खाली आदळल्यावर स्प्रिंगांचा धप्पकन ठोका पडतो. त्या उतरंडीवर असे ठोके लागोपाठ येतात आणि त्यांना आपोआप एक लय येते. संपूर्ण पाठलागात संवाद एकही नाही.

संगीत नसल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. पार्श्वसंगीत बहुधा नायकाच्या बाजूचे असते. ते चालू आहे तोवर प्रेक्षकाला मनातून ठाऊक असते की आपला माणूस वाचणार. इथे तो दिलासा नाही. बुलिट एका वळणावर पुढे निघून जातो, ब्रेक मारतो, धुराच्या लोटात गाडी मागे घेतो आणि पुन्हा वळतो. चित्रीकरणात खरोखरच हुकलेले ते वळण चित्रपटात तसेच ठेवले आहे. त्याखाली वाद्ये असती तर तो डावपेच वाटला असता. नुसत्या इंजिनाच्या आवाजात तो चुकलेला माणूस दिसतो.

चित्रीकरण खऱ्या रस्त्यांवर झाले. महापौर जोसेफ अलिओटो यांनी मोठे सहकार्य दिले. गोल्डन गेट पुलावर चित्रीकरण करायला मात्र परवानगी मिळाली नाही. शर्यतीच्या गाड्या बांधणारे मॅक्स बाल्चॉस्की यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्यांची स्प्रिंगे आणि सांगाडा मजबूत केला. कसरतींची आखणी केरी लॉफ्टिन यांची. मक्वीन स्वतः चांगले चालक होते आणि जवळून दिसणारा बराच भाग त्यांनीच चालवला. उतारावरच्या धोक्याच्या उड्या बड ईकिन्स यांच्या. शेवटच्या टप्प्यात मोटारसायकल घसरून पडणारा स्वारही ईकिन्सच. वेग ताशी सुमारे ११० मैलांपर्यंत, म्हणजे १७५ किलोमीटरच्या पुढे गेला. छायालेखक विल्यम फ्रेकर यांनी कॅमेरे गाडीच्या आत बसवले, त्यामुळे रस्ता चालकाच्या खांद्यावरून येतो; स्टुडिओत मागे पडदा लावून गाडी हलवण्याची जुनी पद्धत यापुढे खोटी वाटू लागली.

फ्रँक केलर यांच्या संकलनाला ऑस्कर मिळाले, आणि ते या दृश्यासाठीच मिळाले असे अनेकजण मानतात. शहराच्या नकाशाशी त्याचा मेळ बसत नाही. पोट्रेरो हिलवरून गाड्या एका कटात रशियन हिलवर येतात, मरीना भागातून थेट शहराच्या दक्षिण टोकाला पोचतात आणि शेवट ब्रिस्बेनजवळच्या ग्वादालूप कॅन्यन रस्त्यावर होतो. एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हा पुन्हा ओलांडली जाते, कारण तीच उडी निरनिराळ्या कॅमेऱ्यांतून दाखवली आहे. चार्जरच्या चाकांवरून चारांपेक्षा जास्त झाकणे निखळतात. पेट्रोल पंपावरच्या अखेरच्या स्फोटात चार्जर ठरल्या जागी न धडकता पुढे निघून गेली होती, ते संकलनाने सावरले. या चुका गेली कित्येक वर्षे चवीने मोजल्या जातात. माझ्या मते त्यांतून केलर यांनी काय जपले तेच दिसते : स्थळांची सलगता सोडून त्यांनी आवाजाची आणि लयीची सलगता राखली.

डॅन्टोनी यांनी हा धडा पुढे नेला. त्यांच्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) या चित्रपटाचे संगीत डॉन एलिस या जॅझ ट्रम्पेटवादकाचे होते, अनवट मात्रांचे आणि पाव सुरांच्या ट्रम्पेटचे. ब्रुकलिनमध्ये उन्नत रेल्वेखालून धावणाऱ्या मोटारीच्या पाठलागात मात्र त्यातले काहीच वाजत नाही. त्या गाडीच्या धोक्याच्या कसरती बिल हिकमन यांनीच केल्या. १९७३चा ‘द सेव्हन-अप्स’ डॅन्टोनी यांनी स्वतः दिग्दर्शित केला. तिथेही संगीत एलिस यांचे, चाकामागे हिकमन, आणि मॅनहॅटनमधून सुरू होणारा पाठलाग पुन्हा संगीताविना. तीन चित्रपट, एक निर्माता, एक चालक, दोन जॅझ संगीतकार, आणि तिन्ही वेळा ऐन पाठलागात वाद्ये गप्प. याला योगायोग म्हणता येत नाही. शिफ्रिन स्वतः १९७१ साली ‘डर्टी हॅरी’साठी सॅन फ्रान्सिस्कोतल्याच पोलिसी कथेकडे परतले.

‘बुलिट’चा समावेश २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. मक्वीन यांनी चालवलेली एक मस्टँग जानेवारी २०२०मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरच्या बोलीला गेली. संगीताची कथा जरा निराळी आहे. १९६८च्या तबकडीसाठी शिफ्रिन यांनी साऱ्या धुना नव्याने, घरी बसून ऐकायला सुखद अशा मांडणीत वाजवून घेतल्या. चित्रपटातले मूळ, अधिक कोरडे आणि ताणलेले ध्वनिमुद्रण रसिकांच्या हाती यायला अनेक दशके जावी लागली. ‘शिफ्टिंग गिअर्स’ ऐकायचा असेल, तर चित्रपटातलाच, पट्ट्याच्या खटक्यापर्यंत आणि त्यापुढच्या टायरांसह ऐकावा.