मॉर्मन मिशनरी सेवा

मॉर्मन मिशनरी सेवा : ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या ख्रिस्ती पंथातील तरुण-तरुणी घर, शिक्षण आणि नोकरी बाजूला ठेवून ठरावीक मुदतीपुरती पत्करतात ती पूर्णवेळ धर्मप्रचाराची सेवा. मुलांसाठी ही मुदत दोन वर्षांची, मुलींसाठी दीड वर्षाची. पंथाचे मुख्यालय अमेरिकेतील यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे आहे. ‘मॉर्मन’ हे नाव ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथावरून पडले. २०१८ पासून चर्चने ते टाळून पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. बाहेर जुनेच नाव रूढ असल्याने या नोंदीत ते ठेवले आहे. २०२४ अखेर जगभर ७४ हजारांहून अधिक मिशनरी अशी सेवा करत होते.

मिशनरी म्हटले की मराठी वाचकाला मिरज किंवा अहमदनगर आठवते : परदेशातून येऊन आयुष्य इथेच घालवणारी, मराठी शिकणारी, दवाखाने आणि शाळा काढणारी माणसे. मॉर्मन मिशनरी त्या चित्रात बसत नाही. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, धर्मशास्त्राची पदवी त्याच्याकडे नसते, त्याला पगार मिळत नाही, आणि मुदत संपली की तो घरी जाऊन पुन्हा कॉलेजात बसतो. या सेवेचा जाहीर हेतू दुसऱ्यांना ख्रिस्ताकडे आणण्याचा. तो कितपत साधतो हे देशागणिक बदलते. युरोपातील काही भागांत दोन वर्षे राबूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच बाप्तिस्मे होतात. स्वतः मिशनरी मात्र जातो तसा परत येत नाही. म्हणून ही प्रथा समजून घ्यायची तर प्रवचनांपेक्षा त्याचा रोजचा दिवस पाहायला हवा.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात चर्चची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल नव्या ग्रंथाच्या प्रती पिशवीत घालून गावोगाव निघाला. पंथातील पहिला मिशनरी म्हणून त्याचेच नाव घेतात. १८३७ मध्ये हेबर किंबल आणि त्यांचे सहकारी इंग्लंडमधील प्रेस्टनला पोचले. त्या काळी जाणारे बहुधा लग्न झालेले, लेकुरवाळे पुरुष असत. पैशाची थैली न घेता निघायचे आणि वाटेत लोक देतील त्यावर भागवायचे, अशी रीत होती. अविवाहित स्त्रियांना अधिकृतपणे पाठवायला १८९८ साल उजाडले. आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या त्या पहिल्या दोघी इंग्लंडला गेल्या.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. ह्यू फिंडले हे स्कॉटलंडचे गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईत उतरले. मुंबईत विरोध झाला, तेव्हा ते पुण्याला गेले आणि तिथल्या लष्करी छावणीच्या आसपास सभासदांची एक लहानशी शाखा उभी राहिली. पुढच्याच वर्षी सॉल्ट लेक सिटीहून निघालेली मिशनऱ्यांची तुकडी कलकत्त्याला पोचली. पण रुजले फारसे काही नाही, आणि दशक संपायच्या आत सगळे परतले. भारतात चर्चचे स्वतंत्र मिशन, म्हणजे मिशनऱ्यांचा कार्यविभाग, व्हायला १९९३ उजाडले, तेही बंगळूरला. फिंडले यांच्या पुण्यातल्या दिवसांकडे आपल्या स्थानिक इतिहासलेखनाने लक्ष द्यायला हवे असे वाटते.

कुठे जायचे हे मिशनरी ठरवत नाही. तो अर्ज करतो, वैद्यकीय तपासणी होते, आणि काही आठवड्यांनी ‘कॉल’, म्हणजे नेमणुकीचे पत्र, येतो. पूर्वी तो जाडसर पांढऱ्या पाकिटातून टपालाने यायचा आणि आजी-आजोबांपासून मित्रांपर्यंत सगळे दिवाणखान्यात जमल्यावरच फोडला जायचा. आता तो पडद्यावर उघडतो, पण जमणारी माणसे तीच. ब्राझील, फिलिपीन्स, घाना, की शेजारचेच आयडाहो राज्य, हे त्या क्षणी कळते. खर्च स्वतः किंवा कुटुंबाने करायचा असतो. पूर्वी ज्या देशात जाल तिथला प्रत्यक्ष खर्च भरावा लागे, त्यामुळे जपानला जाणाऱ्याचे घर कर्जात आणि स्वस्त देशात जाणाऱ्याचे निवांत, असे व्हायचे. १९९१ पासून अमेरिकेसारख्या देशांतील मिशनऱ्यांसाठी सर्वांना एकच मासिक रक्कम ठरवण्यात आली. २०२० मध्ये ती ४०० डॉलरवरून ५०० झाली. कित्येक मुले शाळेत असल्यापासून गवत कापून, दुकानात काम करून हे पैसे साठवतात. निघण्याचे वय २०१२ मध्ये मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केले गेले, तेव्हा मुलींची संख्या झपाट्याने वाढली. विशीच्या आतच निघता येऊ लागल्याने शिक्षण आणि लग्न यांच्या मधोमध येणारी त्यांची जुनी अडचण दूर झाली.

पहिला मुक्काम प्रशिक्षण केंद्रात. यूटातील प्रोव्हो येथील केंद्र सर्वांत मोठे असून तिथे पन्नासहून अधिक भाषा शिकवल्या जातात. ज्यांना नवी भाषा लागत नाही त्यांना काही आठवडे पुरतात, ज्यांना लागते ते सहा ते नऊ आठवडे राहतात. शिकवणारे शिक्षक बहुधा स्वतःच नुकते मिशनहून परतलेले विद्यार्थी असतात. व्याकरण पुरते यायची वाट कोणी पाहत नाही. पहिल्याच आठवड्यात मोडक्यातोडक्या वाक्यांत प्रार्थना म्हणायची आणि समोर बसलेल्या माणसाला धडा द्यायचा. भाषा डोक्यात जाण्याआधी तोंडात बसवायची, असा हा खाक्या. पुढे बाजारात भाजी घेताना आणि परक्या घरात आजीबाईंचे दुखणे ऐकताना ती पक्की होते. क्लेटन ख्रिस्तेन्सेन हे हार्वर्डचे प्राध्यापक १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशनरी म्हणून कोरियात होते आणि अस्खलित कोरियन बोलत. राजकारणी मिट रॉम्नी यांनी १९६६ ते १९६८ ही वर्षे फ्रान्समध्ये काढली.

आता तो दिवस. सकाळी साडेसहाला उठायचे, अर्धा तास व्यायाम, आंघोळ आणि न्याहारी, मग तासभर एकट्याने ग्रंथवाचन, त्यानंतर सोबत्याबरोबर अभ्यास, भाषा परकी असेल तर तिचा वेगळा वेळ. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे. रात्री नऊ-साडेनऊला परत, उद्या कोणाकडे जायचे त्याची वहीत किंवा फोनवर आखणी, साडेदहाला दिवा बंद. कित्येक वर्षे जगभर हेच वेळापत्रक होते. २०१७ मध्ये स्थानिक रीतीभातींप्रमाणे ते थोडे पुढेमागे करण्याची मुभा मिळाली. सिनेमा नाही, टीव्ही नाही, प्रेमप्रकरण नाही. पहिल्या नावाने हाक मारणे नाही. मुलगा असेल तर ‘एल्डर’ आणि आडनाव, मुलगी असेल तर ‘सिस्टर’ आणि आडनाव. छातीवर काळा बिल्ला, त्यावर हे आडनाव आणि चर्चचे पूर्ण नाव.

बाहेरून पाहणाऱ्याला हे वेळापत्रक जाचक वाटते. पण आदल्या वर्षापर्यंत आईने तीनदा हाक मारल्याशिवाय न उठणारा मुलगा घड्याळ लावून उठतो, अंथरूण आवरतो, पांढऱ्या शर्टाची कॉलर ब्रशने घासतो, इस्त्री करतो, दोघांचा भात लावतो. तो करपतो, दुसऱ्या दिवशी कमी करपतो. घडणे म्हणून ज्याला म्हणतात त्याची सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत अशीच होते.

मिशनमधली खरी कसोटी म्हणजे सोबती. मिशनरी नेहमी जोडीने राहतात. एकाच खोलीत झोपणे, एकत्र जेवणे, एकत्र चालणे. न्हाणीघर आणि वरिष्ठांशी होणारी मुलाखत सोडली तर दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचे. हा सोबती आपण निवडलेला नसतो. एक टोंगाचा, एक यूटाचा. एक बडबड्या, एक घुमा. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो, त्यात कधी सोबती बदलतो, कधी गाव, कधी दोन्ही. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांचे काय खटकते आणि काय आवडते ते बोलायचे, असा नियम आहे. ‘तू जेवताना बोलत नाहीस, मला वाटते तू रागावला आहेस,’ असे वाक्य एकोणीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्या मुलाला तोंडावर सांगणे सोपे नाही. मिशनहून परतलेले अनेकजण संसारात उपयोगी पडलेली शिदोरी म्हणून याच बैठकांकडे बोट दाखवतात, आणि त्यात अतिशयोक्ती नसावी.

दुसरी कसोटी दाराची. बेल वाजवायची, दार उघडते, बिल्ला दिसतो, दार बंद होते. दिवसभरात हे कितीतरी वेळा. आता बरेचसे काम ओळखीतून आणि समाजमाध्यमांतून चालते, तरी नकार टळत नाही. जिथे दार उघडते तिथे वेगळीच पंचाईत असते. या पंथात दारू आणि तंबाखूबरोबर चहा आणि कॉफीही वर्ज्य आहे. आपल्याकडे पाहुणा चहा नको म्हणाला की घरची बाई दूध घ्या, सरबत घ्या म्हणून मागे लागते. असाच आग्रह इंग्लंडपासून जपानपर्यंत घरोघर होतो. चहाला नाही म्हणायचे, पण तो पुढे करणाऱ्या माणसाला नाही म्हटल्यासारखे वाटू द्यायचे नाही, हे नव्या मुलाला सोबत्याकडे पाहून पाहूनच जमते. पेलाभर पाणी मागून घ्यायचे आणि ते संपेपर्यंत समोरच्याच्या नातवंडांची चौकशी करायची, हा जुना आणि चांगला उपाय आहे.

निराशेच्या बाबतीत पंथात सगळ्यांना ठाऊक असलेली एक हकिकत आहे. गॉर्डन हिंकली १९३३ मध्ये इंग्लंडला गेले. पहिला मुक्काम प्रेस्टन. महामंदीचे दिवस, ऐकणारे कोणी नाही, प्रकृती ठीक नाही. माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया चालले आहेत, असे त्यांनी वडिलांना लिहिले. उत्तरात सल्ला एवढाच होता की स्वतःला विसर आणि कामाला लाग. त्याच दिवशी सकाळी सोबत्याबरोबर त्यांनी शुभवर्तमानातले, जो आपला जीव वाचवू पाहील तो त्याला गमावील, हे वचन वाचले होते. पत्र हातात घेऊन ते खोलीत गुडघे टेकून बसले. आपल्या आयुष्यात जे काही चांगले झाले ते त्या दिवसापासून, असे ते पुढे सांगत. १९९५ ते २००८ ते चर्चचे अध्यक्ष होते.

आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, तयारीचा. कपडे धुणे, केस कापणे, सामान आणणे, जमल्यास फुटबॉल, आणि घरी बोलणे. २०१९ पर्यंत फोन वर्षातून दोनदाच करता येत असे, नाताळाला आणि मातृदिनाला. एरवी पत्रे आणि नंतर ईमेल. त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला व्हिडिओ कॉलची परवानगी मिळाली. जुन्या पिढीतल्या काहींना ती सवलत जास्तीची वाटली. पण सहा महिने आईचा आवाज न ऐकलेल्या मुलाचे मन कामात अधिक लागते, हे पटण्यासारखे नाही. ज्याचे मन घरी लागले आहे त्याला मिशनच्या बोलीत ‘ट्रंकी’ म्हणतात. ट्रंक भरून तयार बसलेला.

सगळ्यांनाच हे झेपते असे नाही. किती जणांना भेटलो, किती धडे दिले, हे आकडे दर आठवड्याला वरिष्ठांना कळवले जातात, आणि आकडा लहान असला की मनस्वी मुले तो आपल्या श्रद्धेचा दोष मानतात. चिंता, झोप उडणे, अपराधी वाटणे, यांमुळे काहींना मुदतीआधी परतावे लागते. ज्या समाजात ‘मानाने परत ये’ असे सांगून पाठवतात, तिथे लवकर परतलेल्याकडे पाहण्याची नजर दुखावणारी असू शकते. तापातून उठलेल्याला आपण जाब विचारत नाही. मनाच्या आजाराला वेगळा न्याय लावणे अन्यायाचे आहे. चर्चने २०१३ मध्ये मिशनऱ्यांसाठी मानसिक ताणावर पुस्तिका काढली. तिच्यात ताणाच्या पायऱ्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत दाखवल्या असून प्रत्येक रंगाला काय करावे ते सांगितले आहे. ज्यांना प्रकृतीमुळे दूर जाता येत नाही त्यांच्यासाठी घरी राहून समाजसेवेचे मिशनही आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे हजारो मिशनरी एकदम मायदेशी आले, तेव्हा मुदतीआधी परतणे अनेक घरांनी प्रथमच जवळून पाहिले.

मुदत संपलेला मिशनरी विमानतळावर उतरतो तेव्हाही बिल्ला छातीवर असतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तो स्थानिक धर्माधिकाऱ्याला भेटतो, सेवेतून मुक्त होतो आणि बिल्ला काढतो. पुढचे काही आठवडे विचित्र जातात. गजर न लावता साडेसहाला जाग येते. इंग्रजी बोलता बोलता पोर्तुगीज किंवा फिलिपीन्समधल्या तागालोग भाषेतला शब्द आधी ओठांवर येतो. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला एकटेच निघायचे म्हटले की पाय उंबऱ्यात अडतो, आणि सोबती मागून येतो आहे ना, म्हणून मान वळते.