माइंडफुलनेस आणि रिलॅक्सेशन: घरात टेन्शन असताना दोघांची गल्लत नको

घरात टेन्शनचे दिवस असले, म्हणजे कुणाची नोकरी गेलीये, कुणाचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, दहावी तोंडावर आलीये, नाहीतर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि अख्खं बिऱ्हाड भाड्याच्या वन रूम किचनमध्ये आलंय, की कुणीतरी म्हणतंच, चला रोज दहा मिनिटं सगळे मिळून माइंडफुलनेस करू. मग मोबाइलवर बासरी लागते, लाइट बंद होतात, डोळे मिटा, सगळे शांत व्हा. दोन-तीन दिवसांत धाकटा चुळबुळ करायला लागतो, आजी म्हणते मला उलट जास्तच धडधडतंय, बाबा म्हणतात याने काही होत नाही, आणि विषय तिथेच संपतो. पण हे जे चाललं होतं ते रिलॅक्सेशन होतं. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, फक्त कामं वेगळी आहेत, आणि एकट्याने करताना गल्लत झाली तर एक वेळ चालून जातं पण घर म्हणून करताना ती महागात पडते.

रिलॅक्सेशनचं काम सरळ आहे, अंगातला ताण उतरवायचा. योगाच्या क्लासमध्ये शेवटी शवासन घेतात ते हेच. अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी स्नायू आधी मुद्दाम आवळायचे आणि मग सोडायचे ही पद्धत बसवली, मुठी, खांदे, जबडा, पोटऱ्या असं एकेक करत. पुढे १९७० च्या दशकात हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांनी अभ्यासून दाखवलं की घाबरल्यावर शरीर जसं खडबडून उठतं तशीच त्याला खाली आणणारी उलटी प्रतिक्रियाही शरीरातच असते, श्वास संथ होतो, ठोके कमी होतात. उच्छ्वास लांबवला की ठोके मंदावतात हे तुम्ही स्वतःच्या मनगटावर नाडी धरून आत्ता बघू शकता. इथे यश-अपयश स्पष्ट असतं, सैल झालं की जमलं, नाही झालं तर नाही जमलं.

माइंडफुलनेसमध्ये असं ठरवलेलं टोक नाही. आत्ता जे आहे, धडधड असेल तर धडधड, राग असेल तर राग, ते ढकलून न देता बघायचं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, तो बऱ्याच अंशी जुनाट दुखणी असलेल्या लोकांसाठी होता, ज्यांना औषधोपचारांनी पुरता आराम पडला नव्हता. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुखणं जाईल असं आश्वासन तिथे नव्हतंच, दुखणं असताना जगायचं कसं हा प्रश्न होता. घरातला कॅन्सरचा रिपोर्ट किंवा थकलेले हप्ते हे तसंच आहे ना, डोळे मिटून ते जाणार नाहीयेत.

आपल्या मुंबईकरांना हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ वाटायचं कारण नाही. गोराईच्या विपश्यना पॅगोडाला बोटीने जाऊन आलेले खूप जण असतील, तिथल्या गोएंकाजींच्या विपश्यना ध्यानात आधी आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवणं, शिकवतात, त्यात श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही, आपोआप येतो-जातो तो नुसता जाणायचा. प्राणायामात आपण श्वासाला वळण लावतो, इथे लावत नाही. फरक एवढाच, पण सगळं त्याच्यावर उभं आहे.

आता घराचं. "शांत व्हायचं" हे ध्येय ठेवून पाच जण बसले की जो सगळ्यात अस्वस्थ असतो त्याच्यावर ते ओझं येऊन पडतं. सगळे शांत आणि मीच रडतेय, म्हणजे मीच बिघडवतेय. पोराला "शांत बस" हे आपण एरवी दटावताना म्हणतो, तेच आता ध्यानाच्या नावाने म्हणतोय, त्याला ते तसंच ऐकू येणार. मोठी माणसं तर जास्तच हुशार, वरून शांत चेहरा ठेवतात आणि कुणालाच कळत नाही की आईला रात्र-रात्र झोप नाहीये. माइंडफुलनेस मिळून करायचा खरा फायदा इथे आहे, की जे आहे ते चार माणसांसमोर तसंच असू द्यायला परवानगी मिळते.

प्रत्यक्ष कसं, तर आवाजांपासून सुरू करा, वन बीएचकेमध्ये शांतता शोधत बसूच नका. संध्याकाळी पलंगावर नाहीतर सतरंजीवर बसा, डोळे उघडे चालतील, आणि दोन मिनिटं फक्त जे ऐकू येईल ते ऐका. शेजारच्या कुकरची शिट्टी, खाली पाण्याची मोटर, लिफ्टमधली ती बाई "कृपया दरवाजा बंद करें" म्हणत राहते, लांबून लोकलचा भोंगा, आजोबांचा खोकला. मग प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, काय ऐकलं आणि आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय. "माझ्या पोटात गोळा आलाय." बस, त्यावर कुणी "अगं काही होत नाही" म्हणायचं नाही, उपाय सुचवायचा नाही, ऐकून पुढच्याकडे जायचं. हा नियम पाळणं सगळ्यात अवघड जातं, विशेषतः बाबा लोकांना, आणि माझ्या मते सगळा फायदा याच नियमात आहे. लहान मुलांना खाण्यातून जमतं, कबाट-झिन यांच्या कोर्समध्येही एकच मनुका बघत, वास घेत, सावकाश चावून खायला देतात, घरी शेंगदाणा घ्या नाहीतर हापूसची फोड. मूल उठून गेलं तर जाऊ द्या, ओढून बसवू नका, आणि भांडण पेटलेलं असताना तर हे काढूच नका.

रिलॅक्सेशन मात्र रात्रीसाठी ठेवा, झोपताना. लाइट बंद करून आईने हळू आवाजात सांगायचं, पायाची बोटं आवळा, सोडा, पोटऱ्या आवळा, सोडा, डोक्यापर्यंत पोचायच्या आत पोरं झोपतात. परीक्षेच्या आदल्या रात्री, हॉस्पिटलमधून थकून आल्यावर हेच हवं, तेव्हा मनात काय चाललंय ते बघत बसायची गरज नसते, शरीराला विश्रांती हवी असते.

आजीच्या धडधडीचं राहिलं. काही लोकांना, त्यातही ज्यांना पॅनिक येतं किंवा ज्यांच्यावर मोठा आघात झालाय त्यांना, श्वासाकडे किंवा छातीकडे लक्ष दिलं की भीती वाढते. त्यांना श्वासावर बसवू नका, डोळे उघडे ठेवून पायाचे तळवे फरशीला टेकलेत तो गार स्पर्श जाणवू दे, हातात तुळशीचं पान देऊन त्याचा वास घेऊ दे, तेवढं पुरतं. धडधड नेहमीचीच असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, ते हृदयाचंही असू शकतं. आणि घरात कुणाची झोप-भूक आठवड्यामागून आठवडे गेलीये, किंवा जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलून दाखवतंय, तर या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं.