बोअर, अर्धवट काम आणि ‘आणखी दहा फूट’

मोबाईलवर वर्षानुवर्षं फिरणारं चित्र: एक माणूस खणता खणता थांबतो आणि खजिना वीतभर पुढेच असतो. वावरात बोअर मारताना त्याचाच अर्थ लावला जातो, “भाऊ, एवढा पैसा घातला, आता थांबलास तर सगळा बुडाला.”

कळकळ खरी आहे. हिशेब मात्र चुकतो.

समजा 200 फूट झाले, फुटाला शंभराच्या दराने 20,000 रुपये गेले. पुढे खोदलं तरी ते गेलेले, थांबलात तरी गेलेले. म्हणून त्यांचं वजन तागडीत टाकायचंच नाही. उरतो फक्त पुढच्या फुटांचा खर्च आणि पाणी लागायची शक्यता.

ती शक्यता खोलीनुसार वाढतच जाते असं नाही. यवतमाळसारख्या भागात खाली काळा बसाल्ट खडक आहे. त्यात पाणी मुरमाड थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. अखंड पाषाणात नसतं. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी लागलं तरी खारट निघू शकतं, तोटा दुप्पट.

तपासायचं कसं? मशीनजवळ उभं राहा. नुसता कोरडा भुगा उडतोय की ओला चुरा येतोय? धुऱ्यापलीकडच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं? त्याला 230 ला लागलं असेल तर पुढे जाणं शहाणपणाचं ठरू शकतं.

मग स्वतःला विचारा: हे 200 फुटांचं भोक कुणी फुकट दिलं असतं, तर आज खिशातून पुढचे पैसे घातले असते का? हाच प्रश्न दरवर्षी तोट्यात जाणाऱ्या जोडधंद्यालाही लागू पडतो. फक्त आधीच घेतलेलं कर्ज त्यात धरू नका. चालू ठेवलं काय, थांबलात काय, ते फेडायचंच आहे.